जाड्या, रड्या आणि पडता काळ



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, तेव्हा थोडं लांबलं तर सांभाळून घ्या. विषय तसा हलकाफुलका आहे, लॉरेल आणि हार्डी. सुरुवात मात्र हलकी नाही.

यंदाच्या गणपतीत आमच्या एडिसनच्या मंडळात एक चेहरा दिसला नाही. दरवर्षी मखर तोच उभं करतो. थर्मोकोलचा चुरा अंगभर, कानाला पेन्सिल, आणि "अरे तो कटर कुठाय" म्हणून सगळ्यांवर ओरडणं. कोणी म्हणालं, इंडियात गेला असेल. कोणी म्हणालं, प्रोजेक्टची डेडलाइन असेल. मखर दुसऱ्याच कोणीतरी लावलं, वाकडं लावलं, आरत्या झाल्या, मोदक संपले, विषय संपला.

ऑक्टोबरमध्ये कळलं की त्याची नोकरी मे महिन्यातच गेली होती. तेव्हापासून हा गृहस्थ रोज सकाळी साडेसातला इस्त्रीचा शर्ट घालून गाडी काढायचा आणि पब्लिक लायब्ररीत जाऊन बसायचा. मुलांना कळू नये, शेजारच्या देशी कुटुंबाला कळू नये म्हणून. माहीत होतं ते फक्त वहिनींना. (हे त्याला विचारूनच लिहितोय. "नाव घालू नकोस, बाकी लिही" म्हणाला.) ग्रीन कार्ड झालेलं, त्यामुळे निदान साठ दिवसांची टांगती तलवार डोक्यावर नव्हती. ज्यांच्या डोक्यावर ती असते त्यांचं काय होतं ते आपण २०२२ च्या अखेरीपासून बघतोच आहोत.

बातमी फुटल्यावर मंडळाच्या ग्रुपवर काय झालं ते सांगायला नकोच. हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. 'स्टे स्ट्राँग'. 'एव्हरीथिंग हॅपन्स फॉर अ रीझन'. रेझ्युमे कसा लिहावा यावर तिघांनी लिंका पाठवल्या, त्यातला एक मी. जेमतेम दहा मिनिटांवर राहतो तो. घरी कोणी म्हणजे कोणीही गेलं नाही.

तर माझं मत असं: पडत्या काळात मित्राशी कसं वागायचं हे आपल्या या शिकल्यासवरल्या जमातीला येत नाही. आणि ते शिकायचं असेल तर सेल्फ-हेल्पची पुस्तकं बाजूला ठेवून जाड्या-रड्या बघावेत. हसू नका. म्हणजे हसा, पण नंतर.

आधी त्या नावाबद्दल. जर्मन लोक या जोडीला 'डिक उंड डूफ' म्हणतात, म्हणजे जाड्या आणि मठ्ठ. स्पॅनिशमध्ये 'एल गोर्दो इ एल फ्लाको', जाड्या आणि बारक्या. डच नावाचा अर्थही तोच. आपल्याकडे मात्र दुसऱ्याला कोणी बारक्या म्हटलं नाही की मठ्ठ म्हटलं नाही. तो रड्या झाला. चेहरा आक्रसून, डोक्यावरचे उभे केस खाजवत मुसमुसणारा स्टॅन ज्याने बघितलाय त्याला हे नाव किती नेमकं आहे ते कळेल. लहानपणी आमच्या वाडीच्या गणेशोत्सवात रस्त्यात पांढरा पडदा बांधून यांच्या फिल्मा दाखवायचे. अर्धा वाडा पडद्याच्या उलट्या बाजूला बसायचा. तिथून सगळं डावं-उजवं व्हायचं, पण यांच्या बाबतीत काही फरक पडत नसे. :-)

त्या वयात मला एवढंच कळायचं की हे दोघं पडतात. ते कुठे पडतात, का पडतात, आणि पडल्यावर कुठल्या खोलीत परत जातात, हे कळायला स्वतः पडावं लागलं.

१९९९ साली वायटूकेच्या लाटेत इथे आलो. २००१ च्या शरद ऋतूत माझ्या कन्सल्टिंग कंपनीने मला बेंचवर बसवलं आणि पगार थांबवला. एच-वनवाल्याचा पगार असा थांबवता येत नाही हे तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी तोंड उघडायची छाती झाली नसती. आज निदान ते साठ दिवस तरी आहेत, जानेवारी २०१७ पासून ते नियमातच आलेत. तेव्हा जो तो आपापल्या अफवेवर जगत होता. सॅन होजेची खोली सोडली, दोन सुटकेसा घेतल्या आणि लॉस एंजेलिसच्या उपनगरात कॉलेजच्या मित्राकडे गेलो. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. एका बेडरूमचं अपार्टमेंट, त्यात तो, त्याची गादी आणि आता मी.

मास्तरने पहिल्या दिवशी फक्त दोन प्रश्न विचारले. "पैसे किती आहेत?" आणि "भांडी घासशील की भात लावशील?" बस्स. कंपनीने काय केलं, आता तुझा प्लॅन काय, यातलं काही नाही. रोज संध्याकाळी कामावरून येताना तो सिटी लायब्ररीतून एक व्हिडिओ कॅसेट घेऊन यायचा. तिथल्या कपाटात लॉरेल-हार्डीच्या कॅसेटांची ओळच होती. नऊ आठवडे आम्ही जमिनीवर बसून वरण-भात खात त्या बघितल्या.

तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की हे सगळे बेकारांचे सिनेमे आहेत. ऑक्टोबर १९२९ मध्ये वॉल स्ट्रीट कोसळलं, १९३३ पर्यंत अमेरिकेत सुमारे चार कामकऱ्यांतला एक बेकार होता, आणि या दोघांचे उत्तमोत्तम लघुपट नेमके त्याच काळात निघाले. १९३० च्या 'बिलो झिरो'मध्ये हे दोघं भर बर्फात रस्त्यावर उभे राहून पोटासाठी वाजवतायत. स्टॅनकडे पायपेटी, ऑलीकडे माणसाएवढा बेस, आणि गाणं उन्हाळ्याच्या मौजेचं! शेवटी वाद्यंही फुटतात. मग स्टॅनला एक पैशांचं पाकीट सापडतं. चोर मागे लागतो, एक पोलीस त्यांना वाचवतो, आणि कृतज्ञता म्हणून हे त्या पोलिसालाच जेवायला घेऊन जातात. स्टेक मागवतात. बिल द्यायच्या वेळी पाकीट उघडल्यावर आत फोटो दिसतो तो समोर बसलेल्या पोलिसाचा. पाकीट त्याचंच! पुढे वेटर लोक यांना बदडून बाहेर फेकतात. ऑली उठतो तो आधी ओरडत सुटतो, स्टॅन कुठाय, स्टॅन कुठाय. स्टॅनला पाण्याच्या पिंपात टाकलेलं असतं. त्यातून तो बाहेर येतो तेव्हा सगळं पाणी पिऊन त्याचं पोट नगाऱ्यासारखं झालेलं. शेवट हाच. नोकरी मिळत नाही, पैसे मिळत नाहीत, न्यायही मिळत नाही. मित्र तेवढा सापडतो.

पुढच्या वर्षीच्या 'वन गुड टर्न'मध्ये तर ते दारोदार खायला मागत फिरतात. ऑलीचा थाट मात्र बघण्यासारखा असतो. भीक मागायला दारात उभा राहिला तरी तो टाय सारखा करणार आणि सोबतच्याची ओळख 'माझे मित्र मिस्टर लॉरेल' अशी रीतसर करून देणार. अंगावर धड कोट नाही, पण मित्राला मिस्टर. मंडळी, नोकरी गेलेल्या माणसाची ओळख आपण कशी करून देतो ते आठवून बघा. "हा सध्या... अं... काहीतरी स्वतःचं करतोय."

माझा सगळ्यात आवडता मात्र १९३१ चाच 'लाफिंग ग्रेव्ही'. हे एका कुत्र्याचं नाव. हिवाळ्याच्या रात्री भाड्याच्या खोलीत दोघांनी तो लपवून ठेवलाय आणि घरमालक पेटलाय. याचा एक लांबवलेला शेवट तेव्हाच्या प्रदर्शित आवृत्तीत नव्हता, तो कित्येक वर्षांनी उजेडात आला. त्यात स्टॅनला पत्र येतं: काकांनी तुझ्या नावे पैसे ठेवलेत, अट एकच, तुझ्या दुर्दशेला कारण असलेल्या त्या हार्डीची संगत कायमची सोडायची. स्टॅन पत्र लपवतो. ऑली हट्टाने मागून घेतो, वाचतो आणि गप्प होतो. मग तोंडभर मोठेपणाने म्हणतो, जा बाबा. स्टॅन निघतो, थबकतो, पत्र आणि चेक दोन्ही फाडून टाकतो. ऑली गहिवरून त्याला मिठी मारायला जातो, तेव्हा हा पठ्ठ्या सांगतो की तुझ्यासाठी नाही, कुत्र्याला सोडवेना म्हणून राहिलो!

मास्तरने ती कॅसेट दोनदा लावली. काही बोलला नाही. मीही बोललो नाही. पण उपकाराची भाषा कशी टाळायची हे मी त्या रात्री शिकलो. पुढे ते वापरलं नाही ही गोष्ट वेगळी, ती येईलच.

एका रविवारी आम्ही सिल्व्हर लेकमधल्या त्या पायऱ्या बघायला गेलो. व्हेंडोम स्ट्रीटवर आहेत. १९३२ च्या 'द म्युझिक बॉक्स'मध्ये हे दोघं याच जिन्यावरून पियानो वर चढवतात, तो पुन्हा पुन्हा गडगडत खाली येतो, आणि जीव काढून वर पोचल्यावर पोस्टमन सांगतो की मागच्या बाजूने गाडीरस्ता होता. मग हे काय करतात? पियानो परत खाली उतरवतात आणि गाडीरस्त्याने आणतात! लघु विनोदपटाचं पहिलंवहिलं ऑस्कर याला मिळालं. (याच जिन्यावर त्यांनी १९२७ साली वॉशिंग मशीन चढवण्याचा मूकपटही केला होता. नाव 'हॅट्स ऑफ'. तो आज कुठेच उपलब्ध नाही.) पायऱ्या १३३ आहेत असं सगळीकडे लिहिलंय. मास्तरच्या मोजणीत १३१ आल्या, माझ्या १३४. वाद घालत तीनदा चढलो-उतरलो. त्या नऊ आठवड्यांतला तो एक दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो, आणि त्या दिवशी आम्ही माझ्या नोकरीविषयी अवाक्षर काढलं नव्हतं.

आता पडद्यामागचं. खरं तर ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण आपली बहुतेकांची मैत्री ऑफिसात किंवा मंडळात सुरू होते, आणि त्यांचीही ऑफिसातच झाली.

स्टॅन इंग्लंडच्या अल्व्हरस्टनचा, जन्म १८९०. १९१० साली फ्रेड कार्नोच्या नाटकमंडळीबरोबर बोटीने अमेरिकेत आला. म्हणजे ऑनसाइटच म्हणा ना. त्याच मंडळीत चार्ली चॅप्लिन होता आणि स्टॅन त्याचा बदली नट. दौऱ्यात दोघं एका खोलीत राहायचे. बोर्डिंगात स्वयंपाकाला बंदी, म्हणून स्टॅन चोरून गॅसवर चॉप्स तळायचा आणि तळण्याचा आवाज झाकायला चॅप्लिन व्हायोलिन वाजवायचा! फोडणी द्यायच्या आधी स्मोक अलार्मला प्लास्टिकची पिशवी बांधणाऱ्या आपल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे चॅप्लिन कुठल्या कुठे गेला. १९६४ साली त्याचं भलंमोठं आत्मचरित्र आलं, त्यात स्टॅनचा उल्लेखही नाही. स्टॅनने मात्र आयुष्यभर चॅप्लिनचं कौतुकच केलं.

हार्डी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातला, १८९२ चा. घरगुती नाव बेब. हॅल रोचच्या स्टुडिओत दोघं आधीपासून कामाला होतेच, १९२७ मध्ये त्यांची जोडी म्हणून जमली. पण मंडळी, ते तेव्हा जिगरी दोस्त वगैरे नव्हते. स्टॅन म्हणजे कामाचं वेड, विनोद रचायचे, शूटिंग संपल्यावर एडिटिंगला बसायचं. बेब शूटिंग संपलं की गोल्फला. कथेबद्दल कोणी काही विचारलं तर 'स्टॅनला विचारा'. स्टॅनला पगार जवळजवळ दुप्पट होता आणि हार्डीची त्याबद्दल तक्रार नव्हती. (आपल्यातल्या किती जणांना शेजारच्या क्यूबमधल्या मित्राचा दुप्पट पगार पचला असता? मला नसता.)

मालकही काही कच्चा नव्हता. दोघांचे करार त्याने मुद्दाम वेगवेगळ्या तारखांना संपणारे ठेवले होते, म्हणजे दोघं एकत्र बसून घासाघीस करूच शकणार नाहीत. स्टॅनचं रोचशी बिनसलं, करार संपला, तेव्हा हार्डीचा अजून चालू होता. मग रोचने १९३९ मध्ये हार्डीला दुसऱ्याच नटाबरोबर उभं करून 'झेनोबिया' काढला. हत्तीचा सिनेमा. २०१८ च्या 'स्टॅन अँड ऑली' चित्रपटात यावरून दोघांचं मोठं भांडण दाखवलंय. सिनेमा छान आहे, जरूर बघा, पण ते भांडण लेखकाने रचलेलं आहे. प्रत्यक्षात स्टॅन परत आला आणि दोघं पुन्हा कामाला लागले. मला हे न झालेलं भांडण जास्त मोठं वाटतं.

त्याच्या आदल्या वर्षी, १९३८ मध्ये, 'ब्लॉकहेड्स' आला होता. पहिलं महायुद्ध संपलं हे स्टॅनला कोणी सांगितलेलंच नाही, त्यामुळे तो वीस वर्षं खंदकात पहारा देतोय. शेजारी बीन्सच्या रिकाम्या डब्यांचा डोंगर. पेपरात फोटो बघून ऑली त्याला सैनिकांच्या आश्रमात भेटायला जातो. स्टॅन एक पाय दुमडून चाकाच्या खुर्चीत बसलेला असतो. ऑलीला वाटतं, पाय गेला. डोळे भरून येतात, आता तू माझ्याच घरी राहायचं म्हणतो आणि त्याला दोन्ही हातांवर उचलून गाडीपर्यंत नेऊ लागतो. धडपडतो, पडतो, पुन्हा उचलतो. बऱ्याच वेळाने त्याला दिसतं की पाय दोन्ही जागेवर आहेत. मग सांगितलं का नाहीस? तर तू विचारलं नाहीस म्हणून!

यावर आम्ही तेव्हा पोट धरून हसलो होतो. हे उत्तर लक्षात ठेवा.

१९४० मध्ये त्यांनी रोचला सोडलं आणि उतरण लागली. १९४१ ते ४५ मध्ये फॉक्ससाठी सहा आणि एमजीएमसाठी दोन चित्रपट केले, स्टॅनला पटकथेत फारसा हात घालू दिला नाही, आणि ते दिसतंच. १९५१ मध्ये फ्रान्समध्ये केलेला शेवटचा 'अॅटॉल के' तर बघवत नाही, स्टॅन आजाराने पार खंगलेला दिसतो. जुने चित्रपट टीव्हीवर गाजायला लागले, पण त्याचा छदामही दोघांना मिळत नव्हता. लग्नं-घटस्फोटांवर पैसा गेला होता तो वेगळाच.

आणि याच काळात ते खरे मित्र झाले. मला या सगळ्या गोष्टीतली ही सगळ्यात मोठी बाब वाटते. १९४७ मध्ये ते इंग्लंडमध्ये रंगमंचाच्या दौऱ्यावर गेले. कडाक्याचा हिवाळा, युद्धानंतरचं रेशनिंग. १९५२ ला परत, १९५३-५४ ला परत. गावोगावची थिएटरं, एकच ड्रेसिंग रूम, तीच हॉटेलं, तेच आगगाडीचे डबे, बरोबर दोघांच्या बायका. हॉलिवूडच्या वैभवाच्या दिवसांत जे संध्याकाळी एकमेकांच्या वाटेला फारसे गेले नाहीत, ते साठीच्या आसपास, पडत्या काळात, एकमेकांना सापडले. वय, वजन, आजार आणि रोज रात्री पुन्हा तोच पडण्याचा विनोद.

सप्टेंबर १९५३ मध्ये त्यांची बोट आयर्लंडच्या कोव्ह बंदराला लागली. आपल्याला कोण ओळखणार असं त्यांना वाटत होतं. धक्क्यावर माणसांची झुंबड, आणि वरच्या सेंट कोलमन कॅथेड्रलच्या घंटा त्यांच्याच चित्रपटांची ती 'कुकू' धून वाजवायला लागल्या. स्टॅनने पुढे सांगितलं की आम्ही दोघंही रडलो. म्हणजे त्या दिवशी जाड्याही रड्या झाला.

मे १९५४ मध्ये प्लिमथला हार्डीला हृदयविकाराचा झटका आला आणि दौरा तिथेच संपला. पुढच्या वर्षी स्टॅनला पक्षाघात. सप्टेंबर १९५६ मध्ये हार्डीला पक्षाघात झाला, त्यात त्याची वाचा गेली. ७ ऑगस्ट १९५७ ला तो गेला. स्टॅन इतका आजारी होता की डॉक्टरांनी अंत्यविधीला जाऊ दिलं नाही. बेब समजून घेईल, एवढंच तो म्हणाला. त्यानंतर त्याने कुणाहीबरोबर काम केलं नाही. १९६१ मध्ये मानद ऑस्कर मिळालं, तेही डॅनी केने त्याच्या वतीने स्वीकारलं. पण सांता मोनिकाच्या छोट्याशा अपार्टमेंटमध्ये बसून तो दोघांसाठी विनोद लिहीत राहिला. दोघांसाठी! एक जण गेलेला. टेलिफोन डिरेक्टरीत त्याचा नंबर सरळ छापलेला असायचा. कोणीही फोन करावा, तो उचलायचा. डिक व्हॅन डाइकने त्याला तसंच गाठलं, आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये स्टॅन गेला तेव्हा अंत्यविधीत श्रद्धांजलीचं भाषण त्यानेच केलं.

आता माझी गोष्ट पुरी करतो, म्हणजे "हा कोण टिकोजीराव आम्हाला शिकवणारा" हा प्रश्न मीच निकालात काढला असं होईल.

त्या नऊ आठवड्यांनंतर मला ओहायोत प्रोजेक्ट मिळालं, मग न्यू जर्सी, मग घर, मुलं, मंडळाची कार्यकारिणी वगैरे. २००९ च्या जानेवारीत मास्तरची नोकरी गेली. त्याला तेव्हा दोन मुलं. त्याने मला एकदा फोन केला, दुपारी, ऑफिसच्या वेळात. मी म्हणालो, मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी करतो. नाही केला. दोन दिवसांनी ईमेल पाठवली, रेझ्युमे पाठव, फॉरवर्ड करतो, आणि खाली इंग्रजीत ते ठरलेलं वाक्य, 'लेट मी नो इफ यू नीड एनिथिंग'. ज्या माणसाने मला पैसे किती आहेत हे सरळ विचारलं होतं, त्याला मी कळव म्हणालो. २०१० मध्ये तो सगळं आवरून सांगलीला परत गेला. मला तीन महिन्यांनी तिसऱ्याकडून कळलं. त्यानंतर आमचं दिवाळीला शुभेच्छा, वाढदिवसाला केकचं चित्र, एवढंच.

मी दुष्ट होतो का? नव्हतो. घाबरलो होतो. २००९ मध्ये माझ्याही टीममध्ये माणसं कमी होत होती आणि बेकार मित्राच्या जवळ गेलं की ते लागतं की काय, असं काहीतरी आत होतं. शिवाय आपल्याकडून सोल्युशन देता येत नसेल तर जाऊन करायचं काय, ही आपली इंजिनियरांची सवय. प्रॉब्लेम सुटत नसेल तर तिकीट क्लोज. मास्तरने माझा प्रॉब्लेम सोडवला नव्हता. तो भात लावत होता. लॉरेल-हार्डीच्या एवढ्या सिनेमांत एकाने दुसऱ्याचा प्रॉब्लेम सोडवल्याचं मला आठवत नाही, उलट वाढवलेलाच आहे. पण पियानोचं दुसरं टोक कोणीतरी धरलेलं असतं.

एडिसनच्या मित्राची बातमी कळली त्या आठवड्यात मी सांगलीला फोन लावला. आधी पंधरा मिनिटं पाऊस, मुलांची कॉलेजं, हळदीचे भाव. मग धीर करून विचारलं, "मास्तर, २००९ ला एवढं सगळं झालं, तू मला नीट सांगितलं का नाहीस रे?"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "तू विचारलं कुठे?"

आणि खो खो हसला. मला हसायला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एडिसनच्या मित्राकडे गेलो. न सांगता. दार वहिनींनी उघडलं. मी कंपनी, मार्केट, रिक्रूटर यातलं काही काढलं नाही, पैसे किती आहेत ते विचारलं. तो आधी चिडला, मग सांगितलं. फार दिवस पुरणारे नाहीत. घर विकायचं ठरलंय, तोवर एका अपार्टमेंटमध्ये जातायत. निघताना त्याने विचारलं, यंदाचं मखर कोणी लावलं होतं, फोटोत वाकडं दिसत होतं. मी म्हणालो, मीच.

त्यावरून आता कामाचं. येत्या शनिवारी सकाळी नऊला त्याचं सामान हलवायचं आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि वहिनींचा तो मोठा सागवानी झोपाळा आहे, जो कुठल्याही दारातून सरळ जात नाही. मूव्हर्सचे पैसे वाचवायचे आहेत. मी आहे, अजून दोघं-तिघं हवेत, पाठ धड असलेले असतील तर बरं. कोणाकडे मोठी व्हॅन असेल तर सोन्याहून पिवळं. जेवण वहिनींकडे, भांडी आपण घासायची. डर्बी हॅट ऐच्छिक.

आपला,
एक जुना रड्या

ता. क. तारखा आठवणीतून लिहिल्यात, चूभूद्याघ्या. आणि हो, मागच्या बाजूने गाडीरस्ता आहे का ते मी आधीच जाऊन बघून आलोय. नाहीये.